लोइसचा बूट

नवऱ्याची दारू सुटली की घराचं सोनं होतं, असा सगळ्यांचा समज. ब्रुकलिनच्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या एका घरात मात्र दारू सुटल्यावर बूट उडाला.

बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस. १९३४च्या डिसेंबरात त्यानं दारू सोडली. पुढच्या जूनमध्ये ओहायोतल्या अक्रन गावी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनसोबत त्यानं जे सुरू केलं, ते आज ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे एए, या नावानं जगाला ठाऊक आहे. त्याची बायको लोइस डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करून घर चालवत होती. एका संध्याकाळी तो म्हणाला, आवर, सभेला उशीर होतोय. तिनं हाताशी असलेला बूट त्याच्यावर भिरकावला आणि त्या सभांच्या नावानं बोटं मोडली.

नंतर ती स्वतःच चक्रावली. मग उलगडलं: सोळा-सतरा वर्षं जीव टाकून जे आपल्याला साधलं नाही, ते चार परक्या माणसांनी करून दाखवलं, याचा तो राग होता. नवरा सुधारला होता, पण त्याला सांभाळता सांभाळता आपलं काय झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तशा बायका पुष्कळ होत्या. नवरे आत सभेला बसायचे, तेव्हा त्या स्वयंपाकघरात कॉफी करायच्या किंवा बाहेर गाडीत ताटकळायच्या. वाट बघता बघता बोलू लागल्या. १९५१ साली लोइस आणि तिची मैत्रीण अ‍ॅन बी. यांनी अशा नातेवाइकांच्या विखुरलेल्या ८७ पत्त्यांवर पत्रं पाठवली. ५६ उत्तरं आली. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची सुरुवातीची अक्षरं जोडून नाव ठरलं, अल-अनॉन. आज शंभरावर देशांत त्याचे गट आहेत.

या गटाची रचना पाहिली की आपल्याकडच्या मंडळांची सवय असलेला माणूस बुचकळ्यात पडेल. कायमची अध्यक्षीण नाही, वर्गणी नाही. ऐच्छिक पैशांवर जागेचं भाडं भागतं. सभा कुणी चालवायची, हे पाळीपाळीनं ठरतं. एक बोलत असताना दुसरी मध्ये तोंड घालत नाही आणि कुणी कुणाला सल्ला देत नाही. आडनावही सांगायचं नाही. आयुष्यभर अमक्याची बायको, तमक्याची सून म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला निदान तासभर नुसतं स्वतःच्या नावानं बसता येतं. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आणि नवऱ्याची दारू कशी सोडवायची, हे तिथे शिकवत नाहीत. बाटल्या मोरीत ओतून झालेल्या असतात, मुलांच्या शपथा घालून झालेल्या असतात, पंढरपूरला नेऊन माळही घालून झालेली असते. गट सांगतो ते इतकंच की हे तुमच्यामुळे झालेलं नाही, तुमच्यानं ते आवरणार नाही आणि बरंही होणार नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण त्यातूनच ‘साहेब, यांना ताप आलाय’ हा खोटा फोन थांबतो, गुत्त्यावरची उधारी बाई स्वतःच्या पगारातून फेडेनाशी होते. व्यसनाचे परिणाम ज्याचे त्याला भोगू देणं, याला तिथे प्रेम सोडणं समजत नाहीत.

महाराष्ट्रातल्या बायकांनी दारूशी दुसऱ्याही वाटेनं झुंज दिली आहे. दारूबंदीच्या मतदानात ‘आडवी बाटली’ला मतं देऊन कितीतरी गावांनी दुकानं बंद पाडली. ती लढाई दुकानाशी. घरातल्या माणसाशी कसं जगायचं, हा प्रश्न मतपेटीबाहेरचा. पुण्यात येरवड्याला अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. आपला गट शोधायचा तर अशा व्यसनमुक्ती केंद्रात किंवा जवळच्या एए सभेत विचारावं. नवरा पीत असो, त्यानं सोडलेली असो की तो दारूनंच गेलेला असो, तिघींनाही जागा असते. तो उपचाराला तयार असलाच पाहिजे, अशी अट नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. घरात मारहाण होत असेल, तर सभेची वाट पाहायची नाही. जीवावर बेतलं असेल तर ११२, एरवी महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक लावायचा. गट हा पोलिसांचा किंवा वकिलाचा पर्याय नव्हे.

१९५७ साली मुलांसाठीही वेगळी शाखा निघाली, अलाटीन. आईच्या शेजारी बसून जे बोलता येत नाही, ते मुलं तिथे बोलतात.

पहिल्या दिवशी बहुतेक जणींना वाटतं, आपण चुकीच्या खोलीत आलो. इथे हसतात काय! म्हणून नव्या बाईला निर्णय लगेच घेऊ नका, निदान सहा सभा बसून पाहा, असं सांगतात. तोवर बोललंच पाहिजे असंही नाही.