शिष्यवृत्ती कोणाच्या हातात द्यायची?

भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, असा करार होता. त्याआधी एल्फिन्स्टन कॉलेजात असतानाही कृष्णाजी अर्जुन केळुस्करांच्या शब्दाखातर सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना २५ रुपये लावून दिले होते. खजिना एक, विद्यार्थी एक, कागद एक. पैसे खरोखर त्यालाच पोचले का, हे तपासायची वेळच येत नव्हती.

ती वेळ आली योजना झाल्यावर. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या ऑफिसात 'जीओआय' (गव्हर्नमेंट ऑफ इंडिया) एवढ्याच नावाने ओळखली जाते. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, हे बहुतेकांना पाठ असते. पैसे हातात पडेपर्यंतचे नियम मात्र फारसे कोणी वाचत नाही, आणि खरे नवल तिथेच आहे.

या शिष्यवृत्तीत दोन वेगवेगळ्या रकमा असतात. एक कॉलेजची फी, दुसरा विद्यार्थ्याच्या खर्चाचा भत्ता. भत्त्यासाठी अभ्यासक्रमांचे चार गट पाडलेले आहेत. वैद्यकीय-अभियांत्रिकीसारख्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्याला ७,०००. बीए, बीकॉम, बीएस्सी तिसऱ्या गटात. तिथे हेच आकडे ६,००० आणि ३,०००. घरून एसटीने येणाऱ्या बीएच्या मुलीला महिन्याला २५० रुपये पडतात. अपंग विद्यार्थ्यांना दहा टक्के वाढवून मिळतात.

भत्ता विद्यार्थ्याचा, यात कधी वाद नव्हता. वाद फीचा. फी शेवटी कॉलेजलाच जायची, मग ती सरकारने परस्पर कॉलेजला का देऊ नये? अनेक वर्षे तसेच चालले. पण पटावर असलेली आणि वर्गात कधीच न दिसलेली मुले याच वाटेने आत शिरली. संस्था यादी पाठवणार, सरकार यादीवर पैसे सोडणार. मधे विद्यार्थी नसला तरी कोणाचे अडत नव्हते. २०१६ मध्ये राज्याने शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमले. मग २०१७-१८ च्या शैक्षणिक वर्षात पैसे थेट खात्यात देण्यासाठी 'महाडीबीटी' पोर्टल आले. पहिल्या वर्षी ते इतके अडखळले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. नंतर ते रुळले खरे, तरी मधली काही वर्षे एक विचित्र पायरी होती: अर्ज मंजूर झाला, तरी विद्यार्थ्याने पोर्टलवर जाऊन 'व्हाउचर रिडीम' केल्याशिवाय पैसे हलत नसत.

केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये योजनेची घडीच बदलली. त्याआधी राज्यांवर ठरावीक बोजा असे आणि केंद्र वरची भर घाली, त्यामुळे केंद्राचा वाटा आटत चालला होता. आता केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपये ठरले, त्यांपैकी ३५,५३४ कोटी केंद्राचे. अट अशी की आधी राज्याने आपला हिस्सा सोडायचा, मगच केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येणार. म्हणजे एकाच मंजुरीचे पैसे दोन सरकारांकडून, दोन वेगळ्या तारखांना येतात. त्यात फीचाही भाग असतो आणि तो विद्यार्थ्याने सात दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. ज्या घरात एवढी रक्कम एकरकमी कधी आलीच नाही, त्या घरावर टाकलेला हा विश्वास मला तरी साधा वाटत नाही. संस्थाचालकांना तो धोक्याचा वाटतो, आणि त्यांची काळजी अगदीच खोटी नाही.

'थेट खात्यात' म्हणजे नेमक्या कोणत्या खात्यात? अर्जात लिहिलेल्या खात्यात, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात आधारवर आधारलेल्या देयकात खाते क्रमांक पाहिलाच जात नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक नोंदवही आहे: कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेला जोडलेला आहे एवढेच ती सांगते. एका आधारासमोर एकच बँक, आणि तीही सर्वांत शेवटी जोडलेली. पैसे त्या बँकेकडे जातात. २०१७ मध्ये सिमकार्डाची पडताळणी करता करता उघडल्या गेलेल्या खात्यांत लोकांचे गॅसचे अनुदान जाऊन बसले, ते याच नोंदवहीमुळे. त्यामुळे 'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्या मुलाला ऑफिसातला लिपिक पासबुक बाजूला ठेवायला सांगून आधी 'सीडिंग', म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे ते, तपासायला पाठवतो.

खाते सापडले तरी ते कसले आहे याला महत्त्व आहे. जुजबी कागदपत्रांवर उघडलेल्या 'छोट्या खात्यात' वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, शिल्लक (सरकारी अनुदानाची जमा सोडून) ५० हजारांवर जाऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. बीएच्या मुलीचे त्याने काही बिघडत नाही. अभियांत्रिकीच्या फीचा हप्ता मात्र अशा खात्याच्या दारातून परत फिरू शकतो.

हे सगळे व्हायच्या आधी अर्जाला कॉलेजचा लिपिक, प्राचार्य आणि समाजकल्याणचे सहायक आयुक्त या सगळ्यांच्या लॉगिनमधून जावे लागते. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला किंवा नाव आधारशी जुळले नाही, की अर्ज 'सेंड बॅक'. शिवाय ७५ टक्के हजेरी हवी. तोवर विद्यार्थ्याने फी कुठून भरायची? यासाठी केंद्राच्या नियमांत 'फ्रीशिप कार्ड' आहे: ते दाखवले की आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी राज्याची 'स्वाधार' योजना वेगळी आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिचे वर्षाला ६० हजार: जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २०, निर्वाहाचे ८. इथे कॉलेजला काही द्यायचेच नसते, म्हणून पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जाण्याला कोणी हरकत घेत नाही.

घोडे अडते ते तारखांवर. कॉलेजचे वर्ष पावसाळ्यात सुरू होते आणि सरकारचे ३१ मार्चला संपते. त्यात एका सरकारने दुसऱ्याच्या हिश्शाची वाट पाहायची. शेवटच्या वर्षाचे पैसे निकाल लागून गेल्यावर येणे ही आता बातमीही राहिलेली नाही. म्हणून दाखला न्यायला आलेल्या मुलांना अनुभवी लिपिक बजावून सांगतो: नोकरी लागली, कंपनीने पगाराचे नवे खाते उघडून दिले, तरी शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत आधार त्या खात्याला जोडू नका.