परवाना संपला तरी फाइल उघडली पाहिजे

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागात छपाई मराठी आणि कन्नड दोन्हींत चालते. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल वर्षानुवर्षं पेजमेकरमध्ये बसवले गेले; मराठीला श्रीलिपीसारखे फॉन्ट, कन्नडला नुडी. सॉफ्टवेअर विकतच घ्यावं, पण आपला मजकूर त्याच्या परवान्यावर टांगून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. पेजमेकरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ची. तिच्या फाइली अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडायच्या, नंतरच्या सीसीत उघडत नाहीत. सीएस२चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर तर अडोबीने २०१२च्या अखेरीस बंदच केले. म्हणजे रीतसर पैसे मोजलेला ग्राहकही अडू शकतो.

‘पीडीएफ आहे की!’ असं कुणी म्हणेल. पुन्हा छापायला ती पुरते. पण त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका: बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण जुन्या फॉन्टनी देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले होते. मग अहवालात नाव शोधायचं कसं? क्रॅक कॉपी बेकायदेशीर आहेच, शिवाय हा प्रश्न तिनेही सुटत नाही. चोरी रोखायला कंपनीला डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची चावी, लागतो, हे मान्य. पण डोंगल बिघडला तर मालकाचाच मजकूर अडकतो. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये काढा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, आणि साध्या टेक्स्टमध्ये किंवा ओडीटी या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवा. संगणक फॉरमॅट करण्याआधी परवाना डीअ‍ॅक्टिव्हेट करायला विसरू नका.

एखादी फाइल अडली असेल तर फॉन्टचं नाव सांगून जरूर विचारा.