निंदणीच्या दिवसांतील कंबरदुखी

खरिपाची निंदणी सुरू झाली की दिवस मावळताना कंबरेवर हात टेकून बांधावर उभ्या राहिलेल्या बायका गावोगावी दिसतात. रात्री तेल चोळले जाते, शेक दिला जातो आणि सकाळी तीच बाई पुन्हा पातीला लागते. दुखणे अंगात असले तरी त्याचे मूळ कामाच्या रीतीत असते; म्हणून उपायही तेथूनच सुरू करावा लागतो. व्यवसायोपचार या शास्त्राची हीच दृष्टी आहे. त्याचे शिक्षण कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

कंबरेत वाकून काम करताना धडाचा भार पाठीच्या स्नायूंना सतत तोलून धरावा लागतो. ताणलेल्या स्नायूंना विसावा मिळाला नाही म्हणजे ते थकतात व दुखू लागतात. उकिडवे बसून निंदल्यास गुडघ्यांवर ताण येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम पुढील गोष्टी विचाराव्यात : दुखते नेमके कोठे? कोणत्या कामाने वाढते? रात्रीच्या विश्रांतीने उतरते काय? कोणते काम आता करवत नाही? शून्य ते दहापैकी दुखणे किती, तेही विचारून लिहून ठेवावे. नंतर प्रत्यक्ष शेतात काम पाहावे. आठवड्याने पुन्हा विचारले म्हणजे फरक कळतो.

उपाय साधे आहेत. वाफसा असताना ओळींमध्ये सायकल कोळपे उभ्याने चालवावे व रोपांजवळचे तणच खुरप्याने काढावे. दर अर्ध्या तासाने उठून पाठ सरळ करावी आणि शक्य तेथे काम पालटावे. युरियाची ४५ किलोची गोणी दोघांनी, गुडघे वाकवून व अंगाशी धरून उचलावी. उचलताना कंबर पिळू नये. दुखते म्हणून अंथरुणास खिळून न राहता झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून रोज घेऊ नयेत. त्यांनी जठर व मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ही लक्षणे दिसताच रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. ताप, पडल्यानंतरची तीव्र वेदना किंवा विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे असल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

रोज बुडेल या भीतीने मजूर स्त्री दुखणे लपविते. तिच्या विसाव्याची मजुरी शेतमालकाने कापू नये, म्हणजे ती वेळीच बोलेल आणि वेळीच बरी होईल.