मूत्रपिंडाचें दुखणें आणि हृदयाची राखण

आषाढाचे दिवस होते. माळशिरस तालुक्यांतील श्रीपूर येथें माझ्या मामांच्या घरीं मी मुक्कामास होतों. तुकोबारायांची पालखी श्रीपूर मागें टाकून बोरगांवच्या मुक्कामास गेली होती, आणि पंढरपुराकडे जाणारे सारे रस्ते वारकऱ्यांनीं फुलून गेले होते. मामांचें सारें आयुष्य साखरेच्या धंद्यांत गेलेलें. वीस वर्षांचा मधुमेह, त्याच्या पाठोपाठ रक्तदाब, आणि गेल्या दोन वर्षांपासून दोन्ही मूत्रपिंडें निकामी, असा त्यांचा आजार आहे. आठवड्यांतून दोनदां मोटारीनें जाऊन ते डायलिसिस करून येतात. त्या आठवड्यांत मात्र एक पाळी चुकली होती. "रस्त्यानं एवढी गर्दी, एकादशी झाली की जाऊं. एका पाळीनं काय होतंय?" असें मामा म्हणाले, आणि घरांतील कोणासही त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

एकादशीच्या सकाळीं मामींनीं फराळाचें ताट पुढें आणलें. रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, दोन केळीं, चार खजूर आणि एक शहाळें. मामा हात घालणार, तोंच त्यांची धाकटी सून पुढें झाली. ती एका रुग्णालयांत परिचारिका आहे.

"बाबा, थांबा. हे ताट आज तुमच्यासाठी नको."

"अगं, उपासाचंच खाणं ते!" मामी म्हणाल्या. "दुखणं किडनीचं. फळांनी का कुणाचं हृदय बंद पडतं?"

"हो आई, पडूं शकतं."

मामांना दोन दिवसांपासून पायांत जडपणा वाटत होता. चार पायऱ्या चढतांना धाप लागत होती. सुनेनें आणखी वाद न घालतां गाडी बोलाविली. आडरस्त्यानें, मोठा फेरा घेऊन आम्ही रुग्णालयांत पोंचलों. रक्तांतील पोटॅशियम तपासलें, तें ६.८ भरलें. साधारणपणें तें ५ च्या आसपास किंवा त्याहून कमी असावें लागतें. हृदयाच्या आलेखांतही फरक पडलेला होता. तांतडीनें डायलिसिस झाला, आणि संध्याकाळीं मामा उठून बसले. परत येतांना ते एकच वाक्य बोलले: "मी आपला किडनीलाच जपत होतों, हृदयाकडं कुणाचं लक्षच नव्हतं."

मामांचें हें वाक्य पुष्कळ घरांस लागू आहे. मूत्रपिंडें निकामी झालीं, म्हणजे रोगी मूत्रपिंडांनीं दगावेल अशी आपली समजूत असते. वस्तुतः यंत्रानें रक्त शुद्ध करतां येऊं लागल्यापासून अशा रोग्यांच्या मृत्यूचें प्रमुख कारण हृदयविकार हेंच ठरलें आहे. डायलिसिसवर असलेल्या माणसास हृद्रोगानें मृत्यु येण्याचा संभव त्याच वयाच्या इतर माणसांपेक्षां दहा ते वीस पटींनीं अधिक असतो, असें १९९८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसून आलें.

ह्या दोन इंद्रियांचें नातें वैद्यकास नवें नाहीं. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं १८३६ सालींच असें नमूद करून ठेविलें होतें, कीं मूत्रपिंडें बिघडून मेलेल्या पुष्कळ रोग्यांचें हृदय वाढलेलें असतें, आणि तेंही हृदयाच्या झडपांत कांहीं दोष नसतां. त्या काळीं ह्या रोगास उपाय नव्हता, म्हणून हें निरीक्षण ग्रंथांतच राहिलें. पुढें हॉलंडमधील डॉक्टर विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडानें १९४५ सालीं पहिला रोगी वांचविला. १९६० सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें डॉक्टर स्क्रिब्नर यांनीं हातांतील रक्तवाहिन्यांस कायमची नळी जोडण्याची युक्ति काढली, आणि तेव्हांपासून एकाच माणसावर वर्षानुवर्षें डायलिसिस करणें शक्य झालें. त्यांचा पहिला रोगी त्यामुळें अकरा वर्षें जगला. अखेरीस तो हृदयविकारानें गेला. १९७४ सालीं ह्याच सिॲटलच्या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें, कीं दीर्घकाळ यंत्रावर राहिलेल्या रोग्यांच्या रक्तवाहिन्या फार झपाट्यानें कठीण व अरुंद होत जातात.

आपल्याकडचें सर्वांच्या स्मरणांतील उदाहरण म्हणजे लोकनायक जयप्रकाश नारायण यांचें. १९७५ सालीं आणीबाणींत स्थानबद्ध असतांना त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. नोव्हेंबरांत सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत आणण्यांत आलें, आणि तेथून पुढें त्यांचें जीवन डायलिसिसच्या यंत्राशीं बांधलें गेलें. त्या यंत्रासाठीं सामान्य लोकांनीं लहान लहान वर्गण्या दिल्या होत्या. यंत्रानें त्यांना जवळजवळ चार वर्षें दिलीं. १९७७ ची निवडणूक व झालेला राज्यपालट त्यांनीं त्याच अवधींत पाहिला. परंतु मधुमेह व हृदयविकार यांनीं त्यांची पाठ सोडली नाहीं, आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजीं पाटणा येथें त्यांचें निधन झालें. रक्त गाळण्याचें काम यंत्राकडे सोंपवितां येतें. रोग्याच्या हृदयाचें काम मात्र त्याच्या हृदयासच करावें लागतें.

तें काम एवढें कठीण कां होतें, हें समजून घेणें अवघड नाहीं. मूत्रपिंडें मूत्र तयार करितात एवढेंच आपण जाणतों. पण शरीरांतील पाणी व मीठ यांचा तोल राखणें, रक्तदाब आवरणें, रक्त वाढविणारें द्रव्य निर्माण करणें आणि चुना, फॉस्फरस, पोटॅशियम यांचा हिशेब ठेवणें, हींही कामें त्यांचींच आहेत. तीं थांबलीं म्हणजे पाणी व मीठ अंगांत सांचून रक्तदाब चढतो. त्या वाढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलतां ढकलतां हृदयाची डावी बाजू जाड व ताठ होते. ब्राइट यांनीं पाहिलें होतें तें हेंच. त्यांतच रक्त कमी झालेलें असतें. म्हणून शरीरास तितकाच प्राणवायु पुरविण्यासाठीं हृदयास अधिक वेळां धांवावें लागतें.

तिसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. श्रीपुरासारख्या साखरेच्या गांवीं ती समजाविण्यास दूर जावें लागत नाहीं. उंसाचा रस आटविण्याच्या भांड्यांतील नळ्यांस आंतून क्षारांचीं पुटें बसतात, आणि तीं खरवडल्यावांचून कारखाना नीट चालत नाहीं, हें मामांनीं आयुष्यभर पाहिलें आहे. फॉस्फरस रक्तांत सांचूं लागला, म्हणजे चुन्याचा हिशेब बिघडून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अशींच पुटें बसतात. फरक इतकाच, कीं ह्या नळ्या खरवडून काढतां येत नाहींत. राहिलें पोटॅशियम. हृदयाचे ठोके ज्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें चालतात, त्याचा तोल ह्या क्षारावर अवलंबून असतो. तो फार वाढल्यास ठोके अनियमित होऊन हृदय एकाएकीं थांबूं शकतें, आणि पुष्कळदां आधीं कांहीं सूचनाही मिळत नाहीं.

ह्यावरून डायलिसिसची पाळी चुकविणें किती धोक्याचें आहे हें ध्यानांत येईल. अमेरिकेंतील ३२,००० हून अधिक रोग्यांचा अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें आठवड्यांतून तीनदां डायलिसिस होतो. म्हणजे एकदां मध्यें दोन दिवसांचा खंड पडतो. त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशीं मृत्यु व हृदयविकाराचे झटके इतर दिवसांपेक्षां अधिक आढळले. आपल्याकडे तर पुष्कळांस आठवड्यांतून दोनच पाळ्या मिळतात. त्यांतील एक लग्नकार्य, प्रवास किंवा यात्रेपायीं सोडणें म्हणजे हृदयावर मोठा भार टाकणें होय. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ सालापासून चालू झाला आहे, आणि महाराष्ट्रांत महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेंतही ह्या उपचाराचा समावेश आहे. पैशाच्या अडचणीनें पाळी चुकत असेल, तर जिल्हा रुग्णालयांत ह्यांची चौकशी अवश्य करावी.

परंतु हा लेख केवळ यंत्रावरील रोग्यांपुरता नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंत ११ लाखांहून अधिक प्रौढ माणसांच्या नोंदी तपासण्यांत आल्या. मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ति ६० अंकाच्या खालीं उतरली, कीं तेव्हांपासूनच हृद्रोगाचा धोका पायरीपायरीनें चढत जातो. ३० च्या खालीं तो अडीच पटींहून अधिक आणि १५ च्या खालीं तिपटीहून अधिक होतो, असें त्यांत दिसून आलें. ६० अंकावर असलेल्या माणसास बहुधा कांहींच त्रास होत नसतो. म्हणून ज्यांच्या घरीं मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनीं वर्षांतून एकदां तरी रक्तांतील क्रिएटिनीन व लघवींतील आल्ब्युमिन ह्या दोन तपासण्या करून घ्याव्या. खर्च थोडा, आणि लाभ मोठा.

ह्या अवस्थेंत करण्याजोगें पुष्कळ आहे. रक्तदाब व साखर आटोक्यांत ठेवावी. तंबाखू सोडावी. गुडघे दुखले, कीं दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या परभारें घेऊं नयेत, कारण त्या मूत्रपिंडांस बाधतात. चरबी कमी करणारीं औषधें यंत्रावर जाण्यापूर्वींच सुरू झालीं, तर त्यांचा उपयोग अधिक होतो. मधुमेहावरील ग्लिफ्लोझिन वर्गाचीं औषधें मूत्रपिंड व हृदय ह्या दोहोंसही सांभाळतात, असें २०१९ पासूनच्या मोठ्या प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. तीं आपल्या रोग्यास चालतील कीं नाहीं, हें डॉक्टरांस मोकळेपणानें विचारावें.

आतां दोन शब्द गृहिणींसाठीं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांचा वैद्य म्हणजे घरचें स्वयंपाकघर. पापड, लोणचें, शेंगदाण्याची चटणी ह्यांतून नकळत फार मीठ जातें. मीठ वाढलें कीं तहान वाढते, आणि तहान वाढली कीं अंगांत पाणी सांचतें. रोज सकाळीं वजन करून लिहून ठेवावें. तें भराभर वाढत असल्यास तें पाणीच असें समजावें. बाजारांत "कमी सोडियमचें" म्हणून जें मीठ मिळतें, त्यांत बहुधा पोटॅशियम घातलेलें असतें. म्हणून तें अशा रोग्यास देऊं नये. बटाटे, रताळीं, केळीं, खजूर, शहाळें, दाणे हे आपले उपासाचे नेहमींचे पदार्थ. पण पोटॅशियमचे सांठेही तेच. भाज्या चिरून, भरपूर पाण्यांत उकळून, तें पाणी टाकून दिल्यास त्यांतील पोटॅशियम पुष्कळ कमी होतें. छातींत कळ आली नाहीं, म्हणजे हृदय ठीक आहे, असेंही मानूं नये. मधुमेही रोग्यास पुष्कळदां कळ येतच नाहीं. नुसती धाप, घाम किंवा एकाएकीं आलेला थकवा हीच सूचना असते. अशा वेळीं सकाळ होण्याची वाट पाहूं नये.

परवां कार्तिकी एकादशीस पुन्हां श्रीपुरास जाणें झालें. मामा आदल्या दिवशीं डायलिसिस करून आले होते. मामींनीं ताट आणलें: डॉक्टरांस विचारून केलेली थोडी भगर, दाण्याचें कूट न घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि सफरचंदाच्या दोन फोडी. पाण्याचा पेला लहान होता. "एकादशी मोडली नाहीं ना माझी?" मामांनीं हंसत विचारलें. मामी म्हणाल्या, "तुम्ही ताटावर बसलात, तेवढ्यानं माझी एकादशी पावली."