पाणी कुणाचे? सरकारचे, कंपनीचे की गावाचे?

राजगडावर चढणारी जुनी मोठी वाट पाली गावावरून जाते. गडाच्या पाली दरवाजाला नाव मिळाले ते याच गावाचे. पुणे जिल्ह्यातला हा वेल्हे तालुका, आता त्याचेच नाव राजगड झाले आहे. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, भातखाचरे तुडुंब भरतात. आणि त्याच भोर-वेल्ह्याच्या कित्येक डोंगरवाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. या दोन तालुक्यांत पानशेत, वरसगाव, भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी अशी पाच मोठी धरणे आहेत. पाणी इथेच पडते, इथेच अडते, आणि इथल्या माणसाच्या ओंजळीत मात्र राहत नाही.

आमच्या घरांतली कॉलेजात जाणारी मुले समाजवाद बरा की भांडवलशाही यावर तावातावाने बोलतात. एकाच्या तोंडी अमेरिका असते, दुसऱ्याच्या तोंडी रशिया आणि चीन. आम्हाला वाटते, एवढे लांब जायलाच नको. सह्याद्रीच्या या दोन-चार खोऱ्यांत गेल्या शंभर वर्षांत दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. साधने खासगी मालकीची असावीत, नफ्याच्या ओढीने माणूस कष्ट करतो आणि त्यातून सगळ्यांचेच भले होते, असे भांडवलशाही म्हणते. साधने समाजाच्या वतीने सरकारच्या हाती असावीत आणि गरजेप्रमाणे वाटावीत, असे समाजवाद म्हणतो. इथल्या पाण्याने दोघांचीही परीक्षा घेतली आहे.

आधी कंपनीची गोष्ट. वेल्ह्याला लागूनच मुळशी तालुका आहे. तिथे नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईला वीज द्यायची, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. 52 गावांचा प्रश्न उभा राहिला. जमीन कंपनीला हवी होती, पण ती घेऊन दिली इंग्रज सरकारने, 1894 च्या भूसंपादन कायद्याने. म्हणजे खासगी नफ्यासाठी सरकारी बडगा. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. लढा 1924 पर्यंत चालला, बापट तुरुंगात गेले आणि धरण झालेच.

या लढ्यातली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. बुडणाऱ्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री मावळ्यांच्या राहिल्याच नव्हत्या. त्या पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, काही गहाण पडून, काही व्याजात. त्यामुळे भरपाईचा पैसा मोठ्या प्रमाणात सावकारांच्या हाती पडला आणि नांगर धरणारा रिकामा उठला. व्याज माणसाला कसे पोखरते हे आपण प्रवचनांत ऐकतो. मुळशीत त्याचा हिशेब नोंदलेला आहे.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही बोलली पाहिजे. त्याच विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. कोकणातून बोटीने मुंबई गाठणाऱ्या आपल्या कितीतरी घरांचे पोट त्या कारखान्यांच्या शहराने भरले. भांडवलाने काहीच दिले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ज्याच्याकडून घेतले त्याला दिले नाही, एवढेच खरे आहे.

देश स्वतंत्र झाला. 1955 साली काँग्रेसने आवडीच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. धरणे आता कंपनीची नव्हे, जनतेची होणार होती. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेतचे काम सुरू झाले. काम पुरे होण्याआधीच पाणी अडवले गेले आणि 12 जुलै 1961 रोजी धरण फुटले. खालचे खडकवासलाही टिकले नाही. मुठेकाठचे पुणे वाहून गेले. त्या दिवसाची आठवण पुण्याच्या जुन्या घरांत अजून निघते. पण पानशेतच्या वरच्या अंगाला ज्यांची गावे उठली होती, त्यांची आठवण शहरात कोण काढतो? प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने आणला 1976 साली. देशात तो पहिला, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पानशेत फुटून तोवर पंधरा वर्षे झाली होती.

मालक बदलला. मुळशीत कंपनी होती, पानशेतला जनतेचे सरकार. उठणाऱ्या माणसाला दोघांनीही विचारले नाही.

पुढची गोष्ट तर अशी आहे की दोन्ही पद्धती एकाच जागी भेटल्या. मोसे नदीवरचे वरसगाव धरण सरकारने सार्वजनिक कामासाठी बांधले. त्याच धरणाच्या पाण्याकाठी, मुळशी आणि वेल्ह्याच्या हद्दीत, लवासा हे खासगी डोंगरी शहर उभे राहू लागले. धरणासाठी संपादित केलेल्या जमिनीपैकी काही जमीन कृष्णा खोरे विकास महामंडळाने कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. शेतकऱ्याकडून घेताना ती ‘सार्वजनिक हितासाठी’ होती. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण परवानगीच्या मुद्द्यावर नोटीस बजावली आणि 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हे सगळे झाले त्याला समाजवाद म्हणावे की भांडवलशाही, हे आमच्या मुलांनी आम्हाला सांगावे.

तिसरी वाट म्हणून सहकाराचे नाव घेतले जाते, आणि ते घ्यावेच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला 1950 साली शेतकऱ्यांचा साखर कारखाना सुरू केला, तेव्हा सामान्य शेतकरी पहिल्यांदा कारखान्याचा मालक झाला. भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरला आणि उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसला जाते. तिथे ऊस झाला, साखर झाली, शाळा-कॉलेजे झाली. पण सहकारातही वाटणी सभासदांपुरतीच. ज्याच्या डोंगरावर पाणी पडले तो भोरचा माणूस सभासद नव्हता, आणि कोयता घेऊन येणारा बीडचा ऊसतोड कामगारही नव्हता.

जगातही असेच आहे. सोव्हिएत सरकारने कापूस पिकवण्यासाठी अमू दर्या आणि सिर दर्या वळवल्या आणि 1960 नंतर अरल समुद्र आटत गेला. उझबेकिस्तानातले मुयनाक हे मासेमारीचे बंदर होते. आज तिथे जहाजे वाळूत उभी आहेत. ती आपल्याच बांधवांची वस्ती. उलट टोकाला बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराने पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे दिला, दर वाढले, लोक रस्त्यावर आले आणि एप्रिल 2000 मध्ये सरकारला करार रद्द करावा लागला.

मग इस्लाम कोणत्या बाजूला? हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि उत्तर देणारे घाईने एखादी बाजू पकडतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात दोन्ही दिसते. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली. आपल्या हातून कुणावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी ते टाळले. व्यापाराला मोकळीक, साठेबाजीला मनाई. पण पाणी, गवत आणि आग या गोष्टींत मात्र सर्वांची भागीदारी सांगितली. हजरत अबयज बिन हम्माल (रजि.) यांनी येमेनमधले मारिबचे मीठ मागितले आणि ते त्यांना देण्यातही आले. मग कुणीतरी लक्षात आणून दिले, की हे तर न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे, कुणीही जाऊन घ्यावे असे. प्रेषितांनी दिलेली देणगी परत घेतली. ज्यावर सर्वांचे जगणे चालते ते एकाच्या नावावर करता येत नाही; खुद्द शासनकर्त्यालाही ते वाटून टाकण्याचा हक्क नाही. लवासाची गोष्ट वाचताना आम्हाला हीच हदीस आठवते.

पाण्याच्या पाळीबद्दलही स्पष्ट निर्णय आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने आधी भिजवावे, घोट्याएवढे पाणी झाले की अडवून न ठेवता खालच्यासाठी सोडावे. दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. वरच्याचा हक्क पहिला, पण गरजेपुरता. भोर-वेल्ह्यात हे नेमके उलटे झाले आहे. इथे खालचा गरजेपलीकडे भिजवतो आणि वरचा टँकर पाहतो.

हे फक्त ग्रंथातच शोभते असे कुणी म्हणेल, म्हणून पुरंदरचे नायगाव सांगतो. भोरला लागूनच पुरंदर तालुका. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानाची चाळीस एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणी अडवण्याचे काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या मापाने मिळणार, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चात शेतकऱ्यांचा वाटा वीस टक्के, सरकारी अनुदान निम्मे आणि उरलेल्यासाठी संस्थेचे बिनव्याजी कर्ज.

बिनव्याजी! मुळशीत व्याजात जमिनी गेल्या आणि डोंगरापलीकडे अर्ध्या शतकानंतर बिनव्याजी पैशातून पाणी आले. भांडवलदाराचे कसब, सरकारचा पैसा, गावाची मालकी, तिन्ही एकत्र. पुढे काही योजना बंद पडल्या हे खरे, आणि 2002 साली साळुंखे गेले. तरी ‘पाण्यात भूमिहीनाचा वाटा’ हे वाक्य कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा आम्हाला मोठे वाटते.

हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर अशीच घेतली होती. मालक पाणी विकायचा. त्यांनी आधी अर्धा हिस्सा घेतला, एक दिवस मालकाचा, एक यांचा. यांच्या दिवशी पाणी फुकट, म्हणून लोक दोन दिवसांचे भरून ठेवू लागले. मालकाचा धंदा बसला आणि त्याने उरलेला हिस्साही विकला. बाजाराचा नियम वापरून त्यांनी विहीर बाजाराबाहेर काढली आणि वक्फ केली. आपण मात्र सदका-ए-जारियाच्या नावाने मशिदीत एकाला लागून दुसरा वॉटर कूलर बसवतो, त्यावर आजोबांच्या नावाची पाटी लावतो. त्यातला एक कमी करून एखाद्या डोंगरवाडीच्या विहिरीतला गाळ काढला तर चालणार नाही का? वाडी आपल्या समाजाची असलीच पाहिजे असेही नाही. पुण्यात कोंढव्यात, कॅम्पात, भवानी पेठेत राहणारी आपली कुटुंबे वुजूसाठी नळ सोडतात, तेव्हा त्यात वेल्ह्याचे पाणी असते.

गुंजवणी धरणावरून सध्या भांडण आहे ते याच पाळीचे. धानेपच्या धरणातून बंद पाइपने पाणी पुरंदरपर्यंत न्यायचे, असा प्रकल्प आहे. पुरंदर दुष्काळी आहे, त्याची गरज खोटी नाही. वेल्हे-भोरचे शेतकरी म्हणतात, वाजेघर, वांगणी आणि शिवगंगा खोऱ्याच्या उपसा योजना आधी करा, मग पाइप पुढे न्या. वाजेघर म्हणजे पालीच्या शेजारचेच गाव.