घराचा पत्ता सांगा, शाळा सांगतो

न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्ससमधल्या फ्रिस्कोला बदली झाली की मराठी घरात आधी चौकशी होते ती स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची. घराच्या जाहिरातीत खोल्या, गॅरेज आणि तिथल्या शाळेला दहापैकी मिळालेले गुण, सगळं शेजारी शेजारीच दिलेलं असतं. बालभारतीची पुस्तकं वाचून आणि दहावीला राज्यभर एकच पेपर सोडवून मोठे झालेले आईबाप ‘इथलं बोर्ड कुठलं?’ असं विचारतात. तसं बोर्डच तिथे नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. दहाव्या दुरुस्तीनुसार जे केंद्राला दिलेलं नाही ते राज्यांचं; राज्यांनी कारभार सोपवला सुमारे १३,००० डिस्ट्रिक्टांवर. परीक्षाही राज्यागणिक वेगळ्या: न्यूयॉर्कमध्ये रीजंट्स परीक्षा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये बारावी पार करण्यासाठी असलेली एमकॅस परीक्षेची अट मतदारांनीच २०२४ मध्ये मतदान करून काढून टाकली. अभ्यासक्रमात सारखेपणा यावा म्हणून २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ आला, तर टेक्ससने तो घेतलाच नाही.

पण खरी मेख पैशात आहे. केंद्राचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा पैसा राज्याचा आणि स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे मुख्यतः घरपट्टी. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दर मुलामागे जवळजवळ ३०,००० डॉलर खर्च होत होते, युटामध्ये १०,००० हूनही कमी. एवढं लांबही जायला नको, एकाच शहरात हेच दिसतं. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत १९६७-६८ साली गरीब, बहुतांश मेक्सिकन वस्तीच्या एजवुडमध्ये शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता, तर श्रीमंत अलामो हाइट्समध्ये फक्त ८५ सेंट. तरी दर मुलामागे खर्च एजवुडला ३५६ डॉलर, अलामो हाइट्सला ५९४! जास्त कर भरून कमी शाळा मिळत होती. पत्र्याचं काम करणारे डिमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. शाळांच्या कज्ज्यांत याहून महागात पडलेला निकाल माझ्या तरी डोळ्यांसमोर नाही.

पुढे लढाई राज्याच्या कोर्टात गेली. १९८९ मध्ये टेक्ससच्याच सर्वोच्च न्यायालयाने घरपट्टीवर शाळा चालवण्याची ही पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली आणि १९९३ च्या कायद्यापासून श्रीमंत डिस्ट्रिक्टांना जास्तीचा पैसा सोडावा लागतो. लोक या कायद्याला ‘रॉबिन हूड’ म्हणतात. गंमत अशी, की जमिनीचे भाव भडकलेलं ऑस्टिन आता कागदोपत्री श्रीमंत ठरतं आणि सर्वांत मोठी रक्कम भरणाऱ्यांत असतं, मग तिथली निम्मी मुलं गरीब घरांतली का असेनात.