मधल्या भागाचें पहिलें दर्शन

एखादी आवडती कादंबरी पडद्यावर येते तेव्हां प्रेक्षागृहांत दोन प्रकारचे लोक शेजारीं शेजारीं बसलेले असतात. एकानें ती कादंबरी वाचलेली असते. दुसऱ्यानें केवळ तिचें नांव ऐकलेलें असतें. पहिला आपल्या मनांतील चित्राशीं पडद्यावरचें चित्र ताडून पाहत असतो. दुसऱ्याला पुढें काय होणार एवढीच उत्सुकता असते. त्यांतून तो चित्रपट जर आधींच्या एखाद्या चित्रपटाचा उत्तरभाग असेल, तर तुलनेला आणखी एक माप मिळतें, आणि तें म्हणजे त्या आधींच्या चित्रपटाची आठवण. अशा वेळीं बाहेर पडतां पडतां प्रेक्षकांच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या मताला किती किंमत द्यावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. टॉल्कीन या इंग्रज ग्रंथकाराच्या अद्भुत कादंबरीवरून निघालेल्या 'दि टू टॉवर्स' या चित्रपटाच्या उदाहरणानें तो चांगला उलगडतो.

जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठांत प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. १९३७ सालीं त्यांचें 'दि हॉबिट' हें मुलांसाठीं लिहिलेलें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि तें आवडल्यामुळें प्रकाशकांनीं पुढचा भाग मागितला. तो लिहितां लिहितां सुमारें बारा वर्षें लोटलीं, आणि मुलांच्या गोष्टीच्या जागीं 'दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज' हा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. ग्रंथकाराच्या दृष्टीनें तो एकच व अखंड होता. परंतु महायुद्धानंतरच्या काळांत कागद महाग, आणि एवढा मोठा ग्रंथ खपेल कीं नाहीं ही धास्ती. म्हणून प्रकाशकांनीं तो १९५४–५५ मध्यें तीन खंडांत काढला. त्यांतला दुसरा खंड 'दि टू टॉवर्स', म्हणजे 'दोन मनोरे', हा नोव्हेंबर १९५४ मध्यें बाहेर पडला. या खंडाला स्वतःचा आरंभ नाहीं आणि स्वतःचा शेवटहि नाहीं. नांवांतले दोन मनोरे नेमके कोणते, याविषयीं खुद्द ग्रंथकाराचेंहि बराच काळ निश्चित ठरत नव्हतें. शेवटीं त्यांनीं ऑर्थांक आणि मिनास मॉर्गुल असे दोन मनोरे सांगितले. चित्रपटानें मात्र ऑर्थांक आणि बराद-डूर ही जोडी घेतली. रूपांतराची वाट अशी नांवापासूनच वेगळी होते.

ज्यांनीं ग्रंथ वाचलेला नाहीं त्यांच्यासाठीं कथेचा गाभा थोडक्यांत सांगितला पाहिजे. सौरॉन नांवाच्या दुष्ट सत्ताधीशानें आपलें बरेंचसें सामर्थ्य एका अंगठींत ओतलेलें आहे. ती जवळ बाळगणारा कितीहि सज्जन असला, तरी कालांतरानें बिघडतोच. म्हणून ती वापरावयाची नाहीं, तर ज्या ज्वालामुखींत ती घडली तेथेंच नेऊन टाकावयाची; आणि हें काम फ्रोडो नांवाच्या एका ठेंगण्या, शांतताप्रिय हॉबिटाच्या वाट्याला येतें. पहिल्या खंडाच्या अखेरीस त्याचे सोबती विखुरतात. दुसऱ्या खंडाचा पूर्वार्ध रोहान देशांतील युद्धाचा आहे. उत्तरार्ध आहे तो फ्रोडो, त्याचा इमानी सेवक सॅम आणि अंगठीच्या मोहानें पार माणसांतून उठलेला गॉलम या तिघांच्या वाटचालीचा. टॉल्कीन यांनीं हे दोन धागे एकमेकांत गुंफलेले नाहींत. पूर्वार्ध संपेपर्यंत फ्रोडो दृष्टीसहि पडत नाहीं, आणि उत्तरार्ध सुरू झाला कीं रोहानचें युद्ध मागें पडतें.

कीर्तनकार आख्यान रंगांत आलें असतां मध्येंच दुसरें सूत्र हातीं घेतो, आणि श्रोते खुशाल वाट पाहतात. पुस्तकाचा वाचकहि तसाच धीर धरूं शकतो. तीन तासांच्या चित्रपटाला ही सोय नाहीं. मुख्य नायक दीड तास दिसलाच नाहीं तर प्रेक्षक चुळबूळ करूं लागतो. म्हणून दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखकांनीं दोन्ही धागे तोडून आळीपाळीनें गुंफले. वाचकांना जाणवलेले पुढचे बरेच फरक या एका गरजेंतून निघालेले आहेत.

या कथेच्या उत्तरभागाविषयीं जुन्या वाचकांच्या मनांत एक जुनी धास्तीहि होती. १९७८ सालीं राल्फ बाक्षी यांनीं याच ग्रंथावर एक रेखाचित्रपट काढला होता. तो दुसऱ्या खंडाच्या मध्यावर येऊन थांबला आणि त्याचा उत्तरभाग कधींच निघाला नाहीं. जॅक्सन यांनीं ही जोखीम टाळली. ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळांत न्यूझीलंडमध्यें तिन्ही चित्रपटांचें मुख्य चित्रण एकत्रच झालें आणि पुढें २००१, २००२ व २००३ च्या डिसेंबरांत ते एकेक करून प्रदर्शित झाले. पहिल्याला यश आलें म्हणून घाईघाईनें दुसरा काढला, हा उत्तरभागांवर नेहमीं होणारा आरोप येथें लागू पडत नाहीं.

१८ डिसेंबर २००२ रोजीं 'दि टू टॉवर्स' अमेरिकेंत प्रदर्शित झाला. पहिला धक्का बसला तो आरंभींच. मागील कथेचा सारांश नाहीं, निवेदन नाहीं. बर्फाच्छादित पर्वतरांगा, त्यांच्या पोटांतून घुमणारे आवाज, आणि एकदम वृद्ध गॅन्डाल्फ अग्निरूपी राक्षसाशीं झुंजत खोल खाली कोसळतो आहे! पहिला चित्रपट न पाहिलेला मनुष्य येथें गोंधळून जाई. पाहिलेल्याला मात्र कालचें पुस्तक खुणेच्या पानावर उघडल्याचें समाधान मिळे.

दुसरें आश्चर्य गॉलमचें. हें पात्र संगणकानें रेखाटलेलें आहे. परंतु त्याच्या हालचाली, त्याची मुद्रा आणि त्याचा चिरका आवाज अँडी सर्किस या नटाचा आहे. गॉलमच्या अंगीं दोन मनें नांदतात. तीं दोन मनें एकमेकांशीं भांडतात तो प्रसंग पाहतांना आपण यंत्रानें काढलेलें चित्र पाहत आहों, याचा प्रेक्षकांना विसर पडला. वाचणारे व न वाचणारे यांचें याबाबतींत जवळजवळ एकमत झालें.

तिसरी गोष्ट हेल्म्स डीप या किल्ल्याच्या लढाईची. ग्रंथांत तिला एकच प्रकरण आहे. चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग तिनें व्यापला आहे. वेलिंग्टन शहराजवळच्या दगडाच्या एका खाणींत किल्ल्याचा देखावा उभारून रात्रीमागून रात्री चिंब भिजत हें चित्रण झालें. दहा हजारांचें शत्रुसैन्य दाखविण्यासाठीं खास तयार केलेल्या संगणकीय योजनेंत प्रत्येक सैनिकाला परिस्थिति पाहून स्वतःची हालचाल ठरवितां येत असे. त्या सैन्याची गर्जना मात्र खऱ्या माणसांची आहे. २००२ सालीं वेलिंग्टन येथें न्यूझीलंड व इंग्लंड यांचा क्रिकेटचा सामना चालू असतांना, मधल्या सुटींत जॅक्सन मैदानावर उतरले आणि सुमारें पंचवीस हजार प्रेक्षकांकडून त्यांनीं ती गर्जना करवून घेतली.

हें झालें कौतुक. तक्रारीहि लगोलग आल्या. शिकागोचे प्रसिद्ध टीकाकार रॉजर ईबर्ट यांनीं चित्रपटाची भव्यता मान्य केली, पण ठेंगण्या हॉबिटांना बाजूला सारून तलवारबहाद्दरांना पुढें केल्याचें नमूद केलें. वाचकांचें म्हणणें याहून बारकाईचें होतें. हेल्म्स डीपच्या मदतीला एल्फ जातीचे धनुर्धर येतात, हें ग्रंथांत नाहीं. ग्रंथांतील एन्ट, म्हणजे चालतीं बोलतीं झाडें, आपल्या सभेंत दीर्घ विचार करून युद्धाचा निर्णय घेतात. चित्रपटांत तीं आधीं नकार देतात आणि तोडलेलें जंगल डोळ्यांनीं पाहिल्यावरच खवळून उठतात. गिम्ली हा बुटका योद्धा ग्रंथांत धीरगंभीर. पडद्यावर त्याच्या वाट्याला विनोद आला. ग्रंथाचा दुसरा खंड संपतो तो शेलोब या महाकाय कोळिणीच्या प्रसंगानें. तो प्रसंग उचलून तिसऱ्या चित्रपटांत टाकण्यांत आला.

यांतील बऱ्याच फरकांना सयुक्तिक उत्तर आहे. शेलोबचेंच पाहा. ग्रंथाच्या परिशिष्टांत टॉल्कीन यांनीं तारीखवार घटनाक्रम दिला आहे. त्याप्रमाणें हेल्म्स डीपची लढाई ३ मार्चच्या रात्रींची, तर शेलोबचा प्रसंग १२–१३ मार्चचा, म्हणजे तिसऱ्या खंडांतील महायुद्धाच्या तोंडावरचा. धागे एकदा गुंफावयाचे ठरले कीं शेलोबला तिसऱ्या चित्रपटांत जाणें भागच होतें. अशा तक्रारी वेळापत्रक समजतांच शमतात.

एक तक्रार मात्र अशी शमली नाहीं, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होय. ती फॅरामीरविषयींची. फॅरामीर हा गॉन्डोर देशाच्या कारभाऱ्याचा धाकटा मुलगा. त्याचा थोरला भाऊ बोरोमीर अंगठीच्या मोहाला बळी पडून प्राणास मुकलेला आहे. तीच अंगठी फ्रोडोबरोबर फॅरामीरच्या हातीं आयती सांपडते. ग्रंथांतील फॅरामीर ती घेत नाहीं. ती काय आहे हें कळल्यावरहि तो फ्रोडोला अन्नपाणी देऊन वाटेला लावतो. चित्रपटांतील फॅरामीर मात्र फ्रोडोला कैद करून ऑस्गिलिआथ या उद्ध्वस्त नगरापर्यंत नेतो आणि अगदीं अखेरच्या क्षणीं भानावर येऊन सोडून देतो.

न वाचलेल्या प्रेक्षकाला यांत कांहींच खटकलें नाहीं. वाचकाला तो घरच्या माणसावर घेतलेला आळ वाटला. याचें कारण केवळ शब्दनिष्ठा नव्हे. टॉल्कीन यांनीं १९४४ सालीं मुलाला लिहिलेल्या पत्रांत असें सांगितलें होतें कीं, हें पात्र आपण योजून आणलें नाहीं, तें आपण होऊन चालत आलें. आणि आपल्या पात्रांपैकीं कोणी आपल्यासारखें असेल तर तें फॅरामीर, असेंहि त्यांनीं अन्यत्र लिहून ठेवलें आहे. १९१६ सालच्या सोमच्या लढाईंत स्वतः भाग घेतलेल्या या ग्रंथकारानें शस्त्राची हौस नसलेला, पण कर्तव्य म्हणून लढणारा एक मनुष्य निर्माण केला होता. मोठेमोठे जिथें डळमळले तिथें एक सामान्य सेनानी स्थिर उभा राहतो, यावर वाचकांची श्रद्धा जडली होती. पडद्यावर तोहि डळमळला, आणि त्यांना आपलें कांहींतरी हिरावलें गेल्यासारखें वाटलें.

लेखकांची बाजूहि ऐकली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं, चित्रपटभर ज्या अंगठीचा धाक निर्माण केला ती एखाद्यानें सहज नाकारली, तर तिचा धाकच संपतो. शिवाय शेलोबचा प्रसंग पुढें गेल्यामुळें फ्रोडोच्या धाग्याला या भागांत दुसरा उत्कर्षबिंदु हवा होता. हें तर्कशुद्ध आहे. पुढें नोव्हेंबर २००३ मध्यें सुमारें पाऊण तासाची भर घातलेली विस्तृत आवृत्ति निघाली. तींत बाप डेनेथॉर थोरल्यावर जीव टाकतो आणि धाकट्याला हिणवतो, असा एक पूर्वप्रसंग आहे. तो पाहिल्यावर चित्रपटांतील फॅरामीरच्या वागणुकीमागें बापाची शाबासकी मिळविण्याची तळमळ होती, हें उमगतें. ज्यांनीं डिसेंबर २००२ मध्यें त्याला दुबळा ठरविलें होतें, त्यांपैकीं कित्येकांचें मत निवळलें.

तें सर्वांचें निवळलें असें मात्र नाहीं. टॉल्कीन यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनीं २०१२ सालीं एका फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतींत या चित्रपटांनीं ग्रंथाचा गाभा काढून तरुणांसाठीं मारामारीचा खेळ केला, असें स्पष्ट सांगितलें. दुसऱ्या चित्रपटाला दोन, तर तिसऱ्याला अकरा ऑस्कर पारितोषिकें मिळालीं होतीं. पण पारितोषिकांनीं अशी तक्रार मिटत नसते.

तर मग पहिलें मत खरें कीं खोटें? त्याची किंमत ठरविण्यापूर्वीं तें कोणत्या मापानें काढलें हें विचारावें. आधींच्या चित्रपटाशीं तुलना करून काढलेलें मत बहुधा लवकर शिळें होतें. तिसरा भाग आल्यावर दुसऱ्याचें रूप बदलतेंच. कथेचा क्रम, गाळलेलीं प्रकरणें, वाढविलेली लढाई यांविषयींचें मत कारण समजलें कीं सौम्य होतें. परंतु एखाद्या पात्राचें शील बदलल्याबद्दल वाचकाला जें दुःख होतें, तें कारण समजूनहि उरतें. तें चित्रपटाविषयीं थोडें आणि ग्रंथाविषयीं अधिक सांगतें. फॅरामीर आपल्याला किती जवळचा होता, हें पुष्कळ वाचकांना त्या डिसेंबरांत प्रथमच कळलें असेल.

म्हणून आवडत्या कादंबरीचा उत्तरभाग पाहून येणाऱ्यानें आपलें पहिलें मत टाकूनहि देऊं नये आणि त्यावर शिक्कामोर्तबहि करूं नये. घरीं आल्यावर ग्रंथाचें तें प्रकरण पुन्हां एकदां वाचावें. जें खटकलें तें जर तेथें ठळकपणें आढळलें, तर तक्रार योग्य होती. आणि तें तेथें मुळांत नसून केवळ आपल्या आठवणींत वाढलेलें असेल, तर दिग्दर्शकाला दिलेला दोष परत घ्यावा. दोन्ही प्रकारांत ग्रंथाचें एक प्रकरण पुन्हां वाचून होतें, आणि हा लाभ कांहीं लहान नाहीं.